हाइन्रिख नॉर्डहोफ आणि बिनपाण्याच्या गाडीतील ऊब

फोक्सवॅगन हे नाव आज आपल्याला परके राहिलेले नाही. पुण्याजवळ चाकण येथे २००९ साली या कंपनीचा कारखाना सुरू झाला. परंतु १९४८ साली जर्मनीतील हीच कंपनी बॉम्बहल्ल्यांनी मोडलेल्या इमारतीत कशीबशी तग धरून होती. तिला पायावर उभे करणारे हाइन्रिख नॉर्डहोफ यांचे चरित्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावे. त्यांच्या यशाचे आणि मर्यादेचेही मर्म एका साध्या प्रश्नात सापडते. ज्या इंजिनात पाणीच नाही, त्या गाडीत हिवाळ्यात ऊब आणायची कशी?

नॉर्डहोफ यांचा जन्म ६ जानेवारी १८९९ रोजी हिल्डेसहाइम या गावी झाला. वडील बँक व्यवसायात होते. पुढे कुटुंब बर्लिनला आले. तेथे त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि बीएमडब्ल्यू कंपनीत विमानांच्या इंजिनांवर काम केले. १९२९ च्या सुमारास ते ओपेल कंपनीत गेले. तेथे त्यांच्या वाट्याला आलेले काम वरवर पाहता गौण होते. विकलेल्या गाड्यांची देखभाल कशी करावी, याची पुस्तके तयार करणे हे ते काम. पण गाडी विकली म्हणजे व्यवहार संपत नाही, हा धडा त्यांना येथेच मिळाला.

युद्धकाळात ते ओपेलच्या ब्रँडेनबुर्ग येथील ट्रक कारखान्याचे प्रमुख होते. तेथे सक्तीने आणलेले मजूर राबवले जात, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. युद्धानंतर अमेरिकनांनी आपल्या ताब्यातील प्रदेशात त्यांना वरिष्ठ पद धरण्यास मनाई केली. ब्रिटिशांच्या ताब्यातील भागात मात्र वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना होता, आणि १ जानेवारी १९४८ पासून त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. कच्चा माल अपुरा होता, कामगार अर्धपोटी होते, आणि एक गाडी तयार करण्यास माणसांचे शेकडो तास लागत.

त्यांना वारशाने मिळाली ती 'बीटल' ही छोटी गाडी. तिचे इंजिन मागच्या बाजूस होते आणि ते हवेने थंड होई. रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीतीही नाही. नॉर्डहोफ यांनी गाडीचे रूप न बदलता तिच्यातील उणिवा एकेक करून दूर करायचे ठरवले. त्याचबरोबर जेथे सुटे भाग व दुरुस्तीची सोय नाही तेथे गाडी विकायला जायचे नाही, असा कटाक्ष ठेवला.

याच सुमारास एक नवी कल्पना पुढे होती. डच व्यापारी बेन पोन यांनी एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एका डब्यासारख्या मालगाडीचे रेखाटन केले होते. नॉर्डहोफ यांनी ती कल्पना उचलून धरली. बीटलच्या सांगाड्यावर उभारलेला पहिला नमुना चाचणीत वाकला. तेव्हा त्यांनी काम न सोडता मजबूत बांधणीचा नवा नमुना करवून घेतला. ८ मार्च १९५० रोजी 'ट्रान्सपोर्टर'चे नियमित उत्पादन सुरू झाले. पंचवीस अश्वशक्तीची ही गाडी पाऊण टन माल वाहून नेई. १९५१ पासून वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता-काढता येणारे बाक, कपाटे व बिछाना दिला, आणि मालाची गाडी कुटुंबाचे फिरते घर झाली.

येथेच थंडीचा प्रश्न उभा राहिला. पाण्याच्या इंजिनात गरम पाणी चालकाजवळच्या हीटरमध्ये फिरवता येते. येथे ती सोय नव्हती. सुरुवातीला इंजिन थंड करून तापलेली हवाच नळीतून पुढे पाठवत, पण तिच्याबरोबर तेलाचा वासही येई. १९६२ च्या अखेरीस सुधारणा झाली. धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवती कवच बसवून त्यातून बाहेरची स्वच्छ हवा तापवली जाऊ लागली. तरीही ट्रान्सपोर्टरमध्ये इंजिन अगदी मागे आणि चालक अगदी पुढे. गाडीखालून लांबचा प्रवास करता करता हवा निवत जाई. चढावर इंजिन जोरात चालले तर ऊब बरी, उतारावर कमी. आणि रात्री इंजिन बंद करून झोपले की काहीच नाही.

यावर उपाय होता तो स्वतंत्र हीटरचा. एबरस्पेचर कंपनीचा पेट्रोलवर जळणारा छोटा हीटर जादा पैसे देऊन बसवून मिळे. त्याचा पंखा वेगळा, ज्वलनाची जागा वेगळी. त्यामुळे तो इंजिन बंद असतानाही चाले. फक्त बॅटरी उतरणार नाही हे पाहावे लागे. आज जुनी गाडी जतन करणारे लोक त्याच तत्त्वावरचे हीटर बसवतात. डिझेलवर चालणारा असेल तर वेगळी छोटी टाकी आणि झोपेच्या सोयीसाठी दुसरी बॅटरी देतात. यात थोडीही हयगय चालत नाही. गंजलेल्या कवचातून किंवा सैल सांध्यातून कार्बन मोनॉक्साइड आत आला तर त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. म्हणून हीटरला जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरूनच घ्यावी, धुराची नळी खिडक्यांपासून दूर बाहेर काढावी, आणि वायूची सूचना देणारे यंत्र लावल्याशिवाय झोपू नये. स्वयंपाकाची गॅसशेगडी पेटवून ऊब घेणे तर जिवावर बेतणारे आहे.

नॉर्डहोफ यांची पद्धत या एका हीटरमध्ये स्पष्ट दिसते. मूळ इंजिन तेच ठेवायचे, उणीव दिसली की तिच्यावर उपाय जोडायचा. याच पद्धतीने १९५५ साली दहा लाखावी बीटल आणि १९६२ साली दहा लाखावा ट्रान्सपोर्टर बाहेर पडला. ट्रान्सपोर्टरसाठी १९५६ मध्ये हानोव्हर येथे स्वतंत्र कारखानाही उभा राहिला.

परंतु जोड देत राहण्यालाही अंत असतो. मोकळ्या हवेवरचे इंजिन स्वस्त व दणकट होते, तरी प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या शांत आणि उबदार होत चालल्या होत्या. कंपनीने नवे नमुने तयार केले, पण ते बाजारात आणण्याचा निर्णय लांबत गेला. १२ एप्रिल १९६८ रोजी नॉर्डहोफ निधन पावले, तेव्हा कंपनी एकाच गाडीवर फार विसंबून होती. १९७४ साली तिला सुमारे ऐंशी कोटी मार्कांचा तोटा झाला. त्याच वर्षी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची 'गोल्फ' आली आणि तिने कंपनीला सावरले. ट्रान्सपोर्टरमध्येही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याचे इंजिन आले. ब्राझीलच्या उष्ण हवेत मात्र जुने इंजिन २००५ पर्यंत ट्रान्सपोर्टरमध्ये टिकून होते. तेथे ऊब मागणारे फारसे कोणी नव्हते!

ग्राहकाचा विश्वास ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नाही, पण नॉर्डहोफ यांनी तो काळजीपूर्वक जमवला. तो जमवणाऱ्या वस्तूचीही घसारा धरावी लागते, हे मात्र त्यांनी वेळेवर मानले नाही. उद्या आपल्यापैकी जे व्यवसायात पडतील, त्यांनी या दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहून ठेवाव्यात.