गोट्यांवर घर उभारणारे जॉन मिल्न

लिव्हरपूल येथे ३० डिसेंबर १८५० रोजी जन्मलेले जॉन मिल्न मूळचे खाणशास्त्राचे अभ्यासक. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली तेव्हा ते बोटीने न जाता सायबेरियामार्गे खुष्कीने निघाले आणि १८७६ मध्ये जपानला पोहोचले.

तिथे जमीन वारंवार हादरत असे. पण ती किती आणि कोणत्या दिशेने हलली, हे सांगणारे भरवशाचे यंत्र नव्हते. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला भूकंपाचा धक्का बसला. त्यानंतर मिल्न यांच्या पुढाकाराने जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. जेम्स युइंग व थॉमस ग्रे या सहकाऱ्यांसह त्यांनी भूकंपमापक विकसित केले.

पण यंत्र हादरा मोजते, घर वाचवत नाही. म्हणून मिल्न यांनी टोकियोत ओतीव लोखंडाच्या गोळ्यांवर एक लहान घर उभारले. जमीन सरकली तरी गोळे घरंगळतील आणि घराला धक्का कमी बसेल, ही कल्पना. पहिले गोळे दहा इंचांचे होते. त्यांच्यावर घर वाऱ्यानेही हलू लागले. मग त्यांनी गोळे लहान करत नेले आणि अखेर पाव इंचाच्या छऱ्यांवर घर स्थिरावले. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये नव्याने बांधलेल्या रुग्णालयाच्या पायात रबर व शिशाचे आधार आहेत, ते याच विचाराचे पुढचे रूप.

२८ ऑक्टोबर १८९१ च्या भूकंपात जपानमध्ये सात हजारांहून अधिक माणसे दगावली. विलायती धर्तीच्या विटांच्या इमारतीही पडल्या. त्यानंतर मिल्न आणि फुसाकिची ओमोरी यांनी हलत्या टेबलावर विटांचे खांब उभे करून ते कधी कोसळतात, हे तपासले.

१८९५ मध्ये आगीत घर गमावल्यावर मिल्न पत्नी तोने यांच्यासह इंग्लंडला परतले. आइल ऑफ वाइट बेटावरून त्यांनी जगभर भूकंपमापकांचे जाळे उभे केले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्यांचे यंत्र बसले. ३१ जुलै १९१३ रोजी त्यांचे निधन झाले.

मिल्न यांचे विद्यार्थी अभियंते होते. पण त्यांची रीत चौथीच्या वर्गातही चालते. दोन ताटांमध्ये गोट्या ठेवल्या की हलते टेबल तयार. वरच्या ताटात आइसक्रीमच्या काड्या आणि मातीचे गोळे वापरून दोन मजली चौकट चिकटवायची आणि ताट हलवायचे. नुसते चौकोन लगेच कलतात. प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी लावली की तीच चौकट तग धरते. माथ्यावर ओल्या मातीचा जड गोळा ठेवला की ती पुन्हा डगमगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे का कोसळली, हे मुलांना मग वेगळे समजावावे लागत नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळची तीन मजली इमारत सप्टेंबर २०२० मध्ये पहाटे कोसळली, तेव्हा भूकंपही झाला नव्हता. इमारत सुरक्षित आहे की नाही, हे अभियंत्याच्या तपासणीनंतरच कळते. काड्यांची चौकट ते सांगू शकत नाही. पण खांब तोडला, भिंत पाडली किंवा वर मजला चढवला तर भार कुठे जातो, हा प्रश्न विचारायला तिथल्या शाळेतले मूल ताट आणि गोट्यांवर नक्की शिकेल.