ग्रेगर मेंडेल : झाकलेल्या गुणांचा हिशेब मांडणारे संशोधक

नवी दिल्ली, ६ जानेवारी : आई-वडिलांपैकी कोणातही न दिसणारा गुण अपत्यात कसा प्रकटतो, या प्रश्नाचे गणिती उत्तर देणारे आनुवंशिकताशास्त्राचे जनक ग्रेगर मेंडेल यांची आज पुण्यतिथी.

तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या हायन्झेनडॉर्फ या खेड्यात १८२२ मध्ये एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील वाटा दिल्यामुळे त्यांचे शिक्षण चालू राहिले. १८४३ मध्ये त्यांनी ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात प्रवेश घेतला. शिक्षकपदाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मात्र त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठात मिळालेले भौतिकशास्त्राचे शिक्षण पुढील संशोधनाचा पाया ठरले.

१८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याच्या सात गुणांचा अभ्यास केला. गोल व सुरकुतलेल्या बियांच्या वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. दुसऱ्या पिढीत मात्र ५,४७४ गोल बियांसोबत १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. हे प्रमाण जवळपास तीनास एक होते. सुरकुतलेपणा नष्ट झाला नव्हता, केवळ झाकला गेला होता. अपत्याला प्रत्येक गुणासाठी आई व वडिलांकडून एकेक घटक मिळतो. प्रभावी घटक एकच असला तरी त्याचा गुण दिसतो. अप्रभावी गुण दिसण्यासाठी दोन्ही घटक अप्रभावी असावे लागतात. या घटकांना आज युग्मविकल्पी जनुके म्हणतात.

१८६५ मध्ये मांडलेल्या या निष्कर्षांची विद्वानांनी फारशी दखल घेतली नाही. १८६८ मध्ये मठाधिपती झाल्यावर प्रशासन व करविषयक वाद यांतच त्यांचा बराच काळ गेला. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. १६ वर्षांनी, १९०० मध्ये, द व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या शास्त्रज्ञांमुळे त्यांचे कार्य पुन्हा प्रकाशात आले.

मेंडेल यांच्या नियमाचे महत्त्व मुंबईतील एका शोधातून ठळकपणे दिसते. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. ‘एच’ जनुकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की हा गट उद्भवतो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो. परंतु ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. आई-वडील दोघेही केवळ वाहक असले, तर प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच अशा रुग्णासाठी रक्तदाता शोधताना सख्ख्या भावंडांची तपासणी महत्त्वाची ठरते.