पोट मिठावर, जीव पोथीवर

पहिला जॉब लागून आठ महिने झाले. सकाळी खोपटहून शेअर रिक्षा, मग लोकल, मग दिवसभर एका एक्सेल शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमधल्या आकड्यांशी जुळवायचे. बॅगेत पुस्तक असतं. बुकमार्क गेल्या महिन्यात होता त्याच पानावर असतो. ग्रॅज्युएशनला असताना आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारा हाच का तो, असं स्वतःलाच विचारतो. मित्र म्हणतात, ‘वाचनबिचन रिटायर झाल्यावर, आता सेटल हो.’ तुमच्यापैकी जे शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनाही लवकरच हे ऐकवलं जाईल.

अशाच एका वैतागलेल्या शनिवारी टेंभी नाका, जांभळी नाका करत सुभाष पथावरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. ही संस्था ज्याने उभी केली, तो माणूस प्राध्यापक नव्हता की कुठला संस्थानिक नव्हता. तो मीठ विकायचा, आणि शिकलेला होता बी.एस्सी.! विनायक लक्ष्मण भावे हे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना सिलॅबसमुळे माहीत असतं. बाकीच्यांनी त्यांच्या संस्थेच्या पाटीवरूनही शंभरदा नजर फिरवलेली असेल.

भाव्यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1871 चा, पनवेलजवळच्या पळस्पे गावचा. शिक्षण ठाण्यात आणि मुंबईत. त्या काळात गावोगावी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असायची, पण शिकलेल्यांचा ओढा इंग्रजी पुस्तकांकडे. मराठीत वाचण्यासारखं आहे काय, असं उघड म्हटलं जायचं. (आजही म्हटलं जातं, फक्त आता रील करून.) भाव्यांनी याला उत्तर म्हणून लेख लिहिला नाही. विष्णु भास्कर पटवर्धन यांना सोबत घेऊन 1 जून 1893 रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. मराठीत छापलेलं पुस्तक इथे मिळालंच पाहिजे, अशी जिद्द. तेव्हा त्यांचं वय होतं एकवीस. त्याच वर्षी तिकडे काशीत काही विद्यार्थ्यांनी हिंदीसाठी नागरी प्रचारिणी सभा सुरू केली. दोन्ही ठिकाणी पुढाकार पोरांचा, हे मला फार आवडलं.

हातात विज्ञानाची पदवी, तीही मुंबईत बी.एस्सी. होणारे बोटांवर मोजण्याइतके असताना. सरकारी नोकरी किंवा मास्तरकी हा सरळ रस्ता होता. भावे मात्र मिठाच्या व्यापारात उतरले. ठाण्याच्या खाडीकाठी तेव्हा दूरवर मिठागरं पसरलेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवायचं, उन्हात आटवायचं, खडा धरला की ओढून ढीग लावायचे. पावसाळ्याआधी सगळं आवरलं नाही तर मेहनत पुन्हा पाण्यात, अगदी शब्दशः. वर सरकारचा कर. 1888 पासून तो मणामागे अडीच रुपये होता, म्हणजे मालाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट. वजनं, परवाने, पावत्या, पुन्हा वजनं. आमच्या एक्सेलपेक्षा हे काम रोमँटिक होतं, असं मला तरी वाटत नाही.

आणि हाच माणूस जुन्या मराठी कवींच्या पोथ्या जमवत होता. पोथी वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं नव्हे. बोरूने लिहिलेली अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागाच नाही, नकल करणाऱ्याने मनाने घातलेल्या ओळी वेगळ्याच. एकाच काव्याच्या दोन पोथ्या समोर ठेवून ताळा घालायचा, कवी कोण, काळ कुठला ते ठरवायचं. जे सापडे ते कपाटात कोंडून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. 1903 मध्ये त्यांनी जुनं काव्य छापण्यासाठी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिकच काढलं. ते फार वर्षं चाललं नाही. असल्या मासिकाला वर्गणीदार किती मिळणार!

त्याआधीच, 1898-99 च्या सुमारास, कोल्हापूरहून निघणाऱ्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’त त्यांचा एक निबंध आला होता. नाव ‘महाराष्ट्र सारस्वत’. जुन्या मराठी वाङ्मयाची सलग हकिगत सांगण्याचा तो प्रयत्न. दुसरा कोणी असता तर छापून आलं, झालं, म्हणून मोकळा झाला असता. भावे वीस वर्षं त्याच निबंधात भर घालत राहिले आणि 1919 मध्ये त्याचा भलाथोरला ग्रंथ झाला. मधल्या काळात महानुभावांचं साहित्य उजेडात येऊ लागलं होतं. त्या पंथाने आपले ग्रंथ कित्येक शतकं सांकेतिक लिप्यांत जपले होते. बाहेरच्याला अक्षर कळेना, त्यामुळे मराठीतलं सर्वांत जुनं गद्य इथे पडून आहे हेही कळेना. इतिहासाचार्य राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ही कोंडी फोडली. पुढे दामोदर पंडितांचं ‘वच्छाहरण’ भाव्यांनी संपादित केलं. शिवाय ‘मराठी दप्तर’ म्हणून ऐतिहासिक कागदांची माला काढली. तिच्या भागांना नाव दिलं ‘रुमाल’, कारण दप्तरातले कागद रुमालातच बांधलेले असायचे. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, नेपोलियनचं चरित्रही लिहिलं.

आता कोणी म्हणेल, स्वतःचा धंदा होता, नऊ-ते-सातची शिफ्ट नव्हती, पावसात मिठागर बंद. त्यांचं बरं होतं. मान्य. मलाही आधी हेच सुचलं. शिवाय त्यांची सगळी मतं टिकली असंही नाही. नवी हस्तलिखितं मिळत गेली तशा तारखा हलल्या, काही निष्कर्ष बदलावे लागले. पण ते चुकीचे ठरवायलाही आधी कोणीतरी ते लिहून ठेवायला लागतात, आणि विद्यापीठात मराठीला धड जागा नसताना ते एका मीठवाल्याने लिहून ठेवले.

12 सप्टेंबर 1926 रोजी, चोपन्नाव्या वर्षी भावे गेले. ‘सारस्वत’ मात्र छापत राहिलं. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी नव्या संशोधनाची पुरवणी लिहिली, तीही भाव्यांचा मजकूर बाजूला न सारता त्याला जोडून.

मी ते पुस्तक घेतलंय. जाडजूड आहे, लोकलमध्ये उभ्याने एका हातात धरता येत नाही. त्यामुळे सध्या एक स्लो गाडी सोडून ठाण्याहून सुटणारी पकडतोय. खिडकी मिळाली तर घाटकोपरपर्यंत सहा पानं होतात.