मुलांची दातांच्या दवाखान्याची भीती आणि मेरी कव्हर जोन्स

दातांच्या दवाखान्याचं नाव काढलं की तुमचं मूल तोंड घट्ट मिटून घेतं का? मग मेरी कव्हर जोन्स यांची ओळख करून घ्या. त्या दंतवैद्य नव्हत्या, मानसशास्त्रज्ञ होत्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनमध्ये जन्मलेल्या मेरी १९१९ मध्ये व्हॅसार कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्याच सुमारास जॉन वॉटसन यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण करून दाखवली, पण ती घालवली मात्र नाही. (आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही.) भीती शिकवता येते, तर ती घालवताही येईल का, हा प्रश्न मेरींनी हाती घेतला.

पीटर जेमतेम ३ वर्षांचा होता. ससा, लोकरी कोट, कापूस, सगळ्याला घाबरायचा. मेरींनी त्याला सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर खेळायला बसवलं. आधी पिंजऱ्यातला ससा १२ फुटांवर, मग हळूहळू जवळ. पीटर सुधारत होता, तेवढ्यात तो आजारी पडून दोन महिने रुग्णालयात राहिला, आणि घरी परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पुन्हा पहिल्याइतकीच! मेरींनी नव्याने सुरुवात केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी त्याला काही वाटेना. कापसाची भीतीही गेली. हे काम १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

नुसतं समजावणं किंवा इतर मुलांनी चिडवणं, याचा उपयोग होत नाही, हेही त्यांना इतर मुलांमध्ये दिसलं. पालकांना मी हा भाग मुद्दाम सांगतो, कारण घाबरट म्हणून हिणवणं आपल्याकडे सर्रास चालतं.

१९२७ पासून मेरी बर्कलीत होत्या. तिथे त्यांनी मुलांच्या वाढीचा अनेक दशकं अभ्यास केला. पीटरचं काम बराच काळ दुर्लक्षित राहिलं. पुढे जोसेफ वोल्पे यांनी त्यांना वर्तनोपचाराची जननी म्हटलं. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

तुमच्या मुलासाठी याचा अर्थ असा: दात दुखायला लागण्याआधीच, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, पहिली भेट ठरवा. त्या भेटीत नुसतं खुर्चीत बसणं, आरसा हातात घेणं पुरे. न घाबरणाऱ्या भावंडाची तपासणी त्याला आधी पाहू द्या. प्रत्येक साधन आधी सांगून, दाखवून मगच वापरायला डॉक्टरांना सांगा. हात वर केला की थांबायचं, अशी खूण ठरवा. सुईचा धाक घरी कधीच दाखवू नका, आणि अजिबात दुखणार नाही असं खोटं आश्वासनही देऊ नका. एखादी भेट बिघडली तर पीटरसारखं दोन पावलं मागे या. मात्र गालाला सूज किंवा ताप असेल, तर या सगळ्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.