विद्यार्थिदशेचें सार्थक

कॉलेजांचें वर्ष सुरू झालें कीं आचोळ्यांतून सकाळच्या गाडीनें शिकावयास जाणाऱ्या तरुणांची रीघ नालासोपाऱ्याच्या स्टेशनाकडे लागते. आचोळें आतां केवळ खेडें राहिलेलें नाहीं. शहराच्या वस्तीनें त्यास चोहोंकडून वेढलें आहे. कोणी वसईस जातो, कोणी विरारास, कोणी पन्नासाहून अधिक किलोमीटर दूर थेट चर्चगेटपर्यंत. मागें राहिलेले आईबाप एकच प्रश्न विचारतात : शिकून नोकरी कोणती मिळणार? हा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पोटास चिमटा घेऊन ज्यांनीं फी भरली, त्यांस तो विचारण्याचा अधिकार आहे. परंतु त्याच्या जोडीनें दुसरा एक प्रश्न विचारला जावा अशी आमची इच्छा आहे. पदवी हातीं येईपर्यंत मनुष्य किती वाढला?

या प्रश्नाचें उत्तर आम्ही उपदेशानें न देतां एका चरित्रानें देऊं इच्छितों. तें चरित्र गोपाळ गणेश आगरकर यांचें होय. आचोळ्याच्या विद्यार्थ्यास हें नांव दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ झालें तें सन १९४९ मध्यें. तत्पूर्वीं पुण्याच्या विद्यार्थ्यासही पदवी मिळे ती सन १८५७ त स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचीच. म्हणजे ज्या विद्यापीठाची पदवी येथील मुलें आज घेतात, त्याचेच आगरकर हे पदवीधर होत.

त्यांचा जन्म सन १८५६ मध्यें कऱ्हाडनजीक टेंभू येथें झाला. घरीं दारिद्र्य होतें. शिक्षण मध्येंच तुटलें. कचेरींत उमेदवारी करावी लागली, दवाखान्यांत कंपाउंडराचें कामही करावें लागलें. पुढें आप्तांच्या आश्रयानें ते अकोल्यास गेले, तेथें विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले, आणि सन १८७५ त मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. शिष्यवृत्ति, बक्षिसें आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर त्यांनीं आपला खर्च चालविला. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्रीं धुऊन सकाळीं तोच घालीत, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते.

या सदऱ्याचें कौतुक करून थांबणाऱ्यांशीं आमचें पटत नाहीं. दारिद्र्य हा गुण नव्हे. ज्या मुलास दुसरा सदरा नाहीं त्यास तो मिळवून देणें हें समाजाचें कर्तव्य आहे. आगरकरांचें मोठेपण सदरा एक असण्यांत नसून, तशा स्थितींतही मिळालेला वेळ त्यांनीं कशांत घातला यांत आहे. मिल्ल आणि स्पेन्सर हे ग्रंथकार त्यांनीं परीक्षेपुरते वाचले नाहींत. लहानपणापासून जें खरें मानीत आलों तें खरें कां मानावें, हा प्रश्न स्वतःस विचारण्याकरितां ते वाचले. लेख प्रथम गरजेपोटीं लिहिले. परंतु त्याच गरजेनें त्यांच्या हातीं पुढें सर्व महाराष्ट्रास हालविणारी लेखणी दिली.

सन १८७८ त बी. ए. होऊन ते एम्. ए. च्या अभ्यासास राहिले. त्या सुमारास त्यांची गांठ बाळ गंगाधर टिळक यांच्याशीं पडली. टिळक त्यांच्याच वयाचे. ते कायद्याचा अभ्यास करीत होते. दोघांचे स्वभाव भिन्न, मतेंही पुष्कळ भिन्न. देशाची दुर्दशा कशानें दूर होईल यावर त्यांचे तासन्‌तास वाद होत. या वादांतून एक निश्चय निघाला : सरकारी नोकरी पत्करावयाची नाहीं, लोकशिक्षणास आयुष्य वाहावयाचें. मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल अशी आशा धरूं नये, पोटापुरतें मिळवून उरलेलें आयुष्य लोकांच्या कामीं लावणार आहें, अशा आशयाचें पत्र आगरकरांनीं आईस धाडलें तें विद्यार्थी असतांनाच.

पुढील पंधरा वर्षें म्हणजे त्या निश्चयाची फेड होय. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनीं सन १८८० त न्यू इंग्लिश स्कूल काढलें. परीक्षा आटोपून आगरकर त्यांस येऊन मिळाले. सन १८८१ त निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणीं सन १८८२ त टिळकांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत राहिले. सन १८८५ त फर्ग्युसन कॉलेज उघडलें, त्याच्या संस्थापकांत ते होते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर जुन्या मित्राशीं फारकत झाली तेव्हां सन १८८८ त त्यांनीं ‘सुधारक’ काढला. विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली, तरी ते डगमगले नाहींत. सन १८९२ त ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले आणि १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही न गांठतां, निवर्तले.

या अकालीं मृत्यूंतही विद्यार्थ्यांनीं शिकावें असें आहे. टिळकांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष व्यायामास दिलें, परीक्षा बुडाली तरी पर्वा केली नाहीं, आणि कमावलेलें शरीर त्यांस जन्मभर पुरलें. आगरकरांस दम्यानें गांठलें. उपासमारीच्या दिवसांत शरीराची हेळसांड झाली, तिची किंमत त्यांच्याबरोबर महाराष्ट्रानेंही भरली. शरीर खचलें तर निश्चय कोठें उभा राहणार?

आणखी एक गोष्ट आईबापांस सांगावयाची आहे. मुलींस मुलांप्रमाणेंच, मुलांबरोबरच शिक्षण द्यावें असें आगरकर हिरीरीनें मांडीत. आज आचोळ्याच्या मुली कॉलेजांत जातात, हें पाहून त्यांस धन्यता वाटली असती. परंतु घरीं परत आल्यावर मुलगा मित्रांत जाऊन वाद घालतो, पुस्तक उघडतो, आणि मुलगी चुलीपाशीं अडकते, असें अजून कितीक घरीं घडतें. वाढीस मोकळा वेळ लागतो. तो एकास देऊन दुसरीस नाकारणें म्हणजे फी भरून शिक्षण अर्धेंच देणें होय.

आमचें विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें आहे. परीक्षेच्या पुस्तकांखेरीज एक तरी ग्रंथ असा वाचावा कीं जो आपल्या समजुतीस धक्का देईल. आपल्या प्रत्येक बोलण्यास मान न डोलविणारा, कारण विचारणारा, एक तरी मित्र जोडावा. त्यास येरवड्याकडील डेक्कन कॉलेजाचा माळच पाहिजे असें नाहीं. आचोळ्याच्या तळ्याचा कांठ चालेल, गाडीच्या डब्यांतील दीड तासही चालेल. आणि पदवीचा कागद हातीं येण्यापूर्वीं आपण आयुष्याचें काय करणार हें आईबापांस स्पष्ट सांगण्याइतकें धैर्य कमवावें. ज्या घरीं असें बोलणें होईल आणि आईबाप तें शांतपणें ऐकून घेतील, त्या घरच्या फीचा पैसा सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.