स्वतःस हंसणारी माउली : कै. लक्ष्मीबाई टिळक

मंडळींत साक्ष देतांना मागील आयुष्य जितकें काळें रंगवावें तितकी साक्ष मोठी, असें पुष्कळांस वाटतें. टेंभुर्णीसारख्या गांवीं आपले भाऊबंद शेजारींच राहतात. आपल्या बालपणाची निंदा म्हणजे त्यांच्या घराची निंदा होय. अशा वेळीं लक्ष्मीबाईंचें चरित्र आम्हांस आठवतें.

त्यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. १८५७ च्या बंडानंतर घरच्या एका वडीलधाऱ्या आप्तास फांशी झाली, व त्या धक्क्यानें वडिलांस सोंवळ्याचें वेड लागलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येत नसे. लेंकरांचे फार हाल झाले. शाळा तर नाहींच. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशीं लग्न झालें, व पुढें पतीनेंच त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविलें.

१८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हां एकत्र आल्यावरही त्यांचें सोंवळें लगेच सुटलें नाहीं. विचार करून, मनाची खात्री झाल्यावरच त्यांनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला.

१९१९ सालीं टिळक वारले. त्यानंतर कांहीं वर्षांनीं या बाईंनीं आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें त्या १९३४ पासून भागाभागांनीं निघाल्या, आणि सर्व धर्मांच्या मराठी घरांत वाचल्या गेल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्या.

या पुस्तकाची गोडी कशांत आहे? बाई सर्वांआधीं स्वतःसच हंसतात. आपला अडाणीपणा, भाबडेपणा, झालेली फजिती त्या लपवीत नाहींत. वडिलांचें वेड सांगतात, पण त्यांत विष नाहीं; ज्या घरानें छळलें त्याच घरावरील माया ओळीओळींतून पाझरते. म्हणून वाचणारा हंसतां हंसतां डोळे पुसतो, व त्या सांगतील त्यावर विश्वास ठेवतो. जो स्वतःचें उणें झांकीत नाहीं, तो दुसऱ्याचें उणें वाढवूनही सांगणार नाहीं, अशी त्याची खात्री पटते.

उपदेशक बंधूंनो, पुढल्या वेळीं साक्ष देतांना आपल्या बालपणींची एखादी फजिती मोकळेपणीं सांगून पाहा. ती ऐकून दाराबाहेर उभा असलेला चुलता हंसला, तर तो आंत येऊन बसण्यास फार वेळ लागणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.