काशीतील रँग्लर आणि कृष्णविवरांचे गणित

जालना, प्रतिनिधी - जालन्याहून पूर्वेकडे परभणी ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. तेथे औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनातून उठणारे सूक्ष्म कंपन चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये टिपण्याचा हा उपक्रम. ज्या सिद्धान्तावर तो आधारलेला आहे, त्याच्या अध्ययनाची परंपरा भारतात रुजविणाऱ्या प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांची ओळख मात्र आज बहुधा जयंत नारळीकर यांचे वडील एवढीच उरली आहे.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक व पुढे रॅले पारितोषिकही त्यांनी मिळविले. तेथेच राहून नाव कमावणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. वय अवघे तेविशीचे!

आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताला त्या काळी फारसे अभ्यासक नव्हते. समीकरणे विलक्षण किचकट, पडताळ्याला निरीक्षणे मोजकी. हुशार विद्यार्थी पुंजभौतिकीकडे वळत. नारळीकरांनी मात्र हाच विषय धरून ठेवला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्यासाठी १९४२ मध्ये गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य काशीत आले. श्वार्त्झशिल्ड यांचे १९१६ चे उत्तर प्रकाश न टाकणाऱ्या ताऱ्यापुरते होते. प्रत्यक्षातील तारा ऊर्जा उधळतो, त्याचे वस्तुमान घटते. अशा ताऱ्याभोवतीचे गुरुत्व कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. वस्तुमान बदलणाऱ्या कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही वापरले जाते.

१९६० मध्ये नारळीकरांनी काशी सोडली आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. गणितापासून त्यांना दूर नेणारी ही वर्षे मनाला चुटपुट लावतात. पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून ते पुन्हा आपल्या विषयाकडे आले. तेथे नरेश दधीच त्यांचे विद्यार्थी झाले आणि दधीच यांच्या सहवासात संजीव धुरंधर घडले.

१ एप्रिल १९९१ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्याच वर्षी धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जड ताऱ्यांच्या वा कृष्णविवरांच्या लहरी यंत्रातील गोंगाटापेक्षा क्षीण असतात. त्या ओळखायच्या तर लहरीचा आकार आधीच गणिताने काढावा लागतो. वस्तुमान बदलले की आकारही बदलतो. म्हणून संभाव्य आकारांचा मोठा संच करून प्रत्येक आकार नोंदीशी ताडून पाहायचा. हा संच कसा निवडावा, हा त्या निबंधाचा विषय होता. मीलनाच्या अखेरच्या क्षणांचे गणित संगणकावर सुटायला मात्र २००५ साल उजाडले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही लायगो यंत्रांनी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा संकेत टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप झाली होती व जवळपास तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडले होते. गणिताने काढलेला आकार नोंदीशी जुळला होता.